एचआयव्हीसाठी आयत्या अँटिबॉडी: एकटीनं भागत नाही

वावरात साप चावला की दवाखान्यात जे सापाचं इंजेक्शन देतात, त्यात घोड्याच्या रक्तातून काढलेल्या अँटिबॉडी, म्हणजे विषाला किंवा जंतूला धरून निकामी करणारी प्रथिनं असतात, आपल्या शरीरानं बनवायची वाट बघावी लागत नाही, आयत्याच मिळतात. एचआयव्हीसाठी शास्त्रज्ञ हेच करून बघतायत, फक्त इथं अँटिबॉडी लागण व्हायच्या आधीच देऊन ठेवायची.

एचआयव्ही झालेल्या काही थोड्याच लोकांच्या रक्तात अशा अँटिबॉडी तयार होतात की त्या कितीतरी प्रकारच्या एचआयव्हीला अडवतात. 2010 मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी अशाच एकाच्या रक्तातून शोधलेली व्हीआरसी01 नावाची अँटिबॉडी जाहीर केली. व्हायरस आपल्या पांढऱ्या पेशीवरच्या सीडी4 नावाच्या प्रथिनाला ज्या जागेनं चिकटतो ती जागाच ही धरून बसते, मग त्याला आत घुसता येत नाही. लॅबमध्ये तिनं जवळपास 90 टक्के प्रकार अडवले, त्यामुळं आशा लई वाढली.

मग 4,600 वर लोकांवर ट्रायल झाली, त्यात आफ्रिकेतल्या 1,900 वर बायका होत्या, दर आठ आठवड्याला सलाईनसारखी शिरेतून द्यायची. 2021 मध्ये निकाल आला, एकूण बघितलं तर लागण म्हणावी तशी कमी झालीच नाही. पण खरी गोष्ट पुढं आहे. ज्या व्हायरसला अडवायला ही अँटिबॉडी अगदी थोडीशीच पुरते, त्याची लागण 75 टक्के कमी झाली होती, अन् तसले व्हायरस प्रत्यक्षात होते फक्त 30 टक्के! नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चौघांचं विष वेगळं म्हणून आपलं सापाचं इंजेक्शन चौघांवर मिळून बनवतात, तसंच आता इथंही दोन-तीन अँटिबॉडी एकत्र देऊन बघतायत, आणि त्या रक्तात जास्त महिने टिकाव्यात म्हणून त्यांच्यात थोडा बदलही केलाय.

एचआयव्ही टाळायची गोळी आहे की, पण ती रोज घ्यायची. आपल्या बीडची बाई कोयता घेऊन सहा-सहा महिने फडावर असते, कोपीत राहून गोळ्या सांभाळायच्या, कुणाला दिसू द्यायच्या नाहीत, संपल्या तर आणायच्या कुठून? तिला वर्षातून दोन-तीनदा घ्यायचं इंजेक्शनच परवडेल असं मला मनापासून वाटतं. लेनाकापाविर नावाचं सहा महिन्याला एकदा घ्यायचं इंजेक्शन आलंय, ते अँटिबॉडी नाही, औषध आहे, पण 2024 च्या ट्रायलमध्ये ते घेणाऱ्या 2,134 बायकांपैकी एकीलाही लागण झाली नाही. अँटिबॉडीचा उपयोग मला अंगावर पिणाऱ्या लेकरांसाठी जास्त दिसतो, आईच्या दुधातून होणारी लागण अडवता येईल का हे तपासणं चालू आहे.

या अँटिबॉडी अजून आपल्या दवाखान्यात मिळत नाहीत. आज लागणीची शंका आली तर 72 तासांच्या आत, जमलं तर लगेच, सरकारी दवाखाना गाठा, तिथं 28 दिवसांच्या गोळ्या सुरू करतात.