डिग्री बदलणे

इंग्रजी विशेषणाच्या मूळ, तर आणि तम या तीन अवस्थांना वर्गात पॉझिटिव्ह, कंपॅरेटिव्ह आणि सुपरलेटिव्ह डिग्री म्हणतात. अर्थ तोच ठेवून वाक्य एका अवस्थेतून दुसरीत नेणे म्हणजे डिग्री बदलणे.

कळसूबाई (१६४६ मीटर) हे महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर. म्हणून 'कळसूबाई इज द हायेस्ट पीक इन महाराष्ट्र'. तरभावात 'कळसूबाई इज हायर दॅन एनी अदर पीक इन महाराष्ट्र'. मूळ रूपात वाक्य उलटे फिरते : 'नो अदर पीक इन महाराष्ट्र इज अ‍ॅज हाय अ‍ॅज कळसूबाई'. यातले 'अदर' गाळले की कळसूबाई स्वतःपेक्षाच उंच ठरते. परीक्षेत गुण जातात ते बहुधा इथेच. 'वन ऑफ द हायेस्ट' असेल तर 'हायर दॅन मोस्ट अदर पीक्स' आणि 'व्हेरी फ्यू पीक्स आर अ‍ॅज हाय अ‍ॅज' ही जोडी वापरतात.

दोघांच्याच तुलनेत मात्र नियम जपून वापरावा. 'राम इज अ‍ॅज टॉल अ‍ॅज श्याम' याचे 'श्याम इज नॉट टॉलर दॅन राम' हे उत्तर सर्रास शिकवले जाते. पण या उत्तरात श्याम बुटका असण्यालाही जागा राहते. अर्थ तोच राहिला, असे म्हणणे कठीण.

मराठी मुलांना हे रूपांतर जड जाते, कारण मराठीत तुलनेची खूण विशेषणावर नसते. ती ज्याच्याशी तुलना करायची त्या नामाला लागते : 'रामापेक्षा उंच', 'सगळ्यांत उंच'. 'उंच' जागचा हलत नाही. मग 'पेक्षा'साठी 'मोर' आणि विशेषणासाठी 'टॉलर' असा हिशेब होऊन 'मोर टॉलर' लिहिले जाते. सीनियर, ज्युनियर, सुपीरियर हे शब्द तर लॅटिनमधून तरभाव घेऊनच आले आहेत. त्यांच्यापुढे 'दॅन' नाही, 'टू' येतो.

संस्कृतात मात्र विशेषण बदलते : उच्च, उच्चतर, उच्चतम. 'तरतमभाव' आणि 'तारतम्य' हे शब्द याच प्रत्ययांवरून आले. दुसरा तमभावाचा प्रत्यय 'इष्ठ' हा इंग्रजी 'एस्ट'चा सख्खा नातलग आहे. 'स्वादिष्ठ' आणि 'स्वीटेस्ट' एकाच मुळातून निघाले. श्रेष्ठ, ज्येष्ठ, कनिष्ठ यांतला तमभाव आज मराठी कानाला जाणवत नाही, म्हणून तर 'सर्वश्रेष्ठ' म्हणावे लागते.