घरगुती बिअरनिर्मिती

घरगुती बिअरनिर्मिती : विक्रीसाठी नव्हे, तर स्वतः पिण्यासाठी आणि मित्रमंडळींना पाजण्यासाठी घरच्या घरी बिअर तयार करण्याचा छंद. अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया या देशांत तो विशेष रुजला आहे. एका खेपेला साधारण २० लिटर बिअर होते. त्यासाठी मोठे पातेले, झाकणाची बादली, थर्मामीटर, नळी आणि बाटल्या एवढ्यावर भागते. मराठी वाचकाला ‘घरची दारू’ म्हटले की हातभट्टी आठवते, पण दोन्हींचा संबंध नाही. हातभट्टीत ऊर्ध्वपातन (उकळून निघालेली वाफ थंड करून गोळा करणे) असते, बिअरमध्ये ते नसते. विषारी दारूच्या बातम्यांमधला मिथेनॉल बिअरमध्ये नगण्य असतो.

कच्चा माल चार प्रकारचा : पाणी, माल्ट, हॉप्स आणि यीस्ट. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले जव. नाचणीचे सत्त्व करताना आपल्याकडे जे करतात तेच हे; मोड येताना दाण्यात पिष्टाची साखर करणारी विकरे तयार होतात. हॉप्स ही एका वेलीची सुकवलेली फुले. त्यांनी कडवटपणा आणि वास येतो, शिवाय बिअर लवकर नासत नाही. यीस्ट ही सूक्ष्म बुरशी साखर खाऊन तिचे मद्यार्क आणि वायू करते; हेच किण्वन.

२० लिटरसाठी चार ते पाच किलो माल्ट भरडून ते ६५ ते ६८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवतात. सगळी गोम या तीन अंशांत आहे. तापमान खालच्या टोकाला राहिले तर यीस्टला पचणारी साखर जास्त सुटते आणि बिअर हलकी, कोरडी होते. वरच्या टोकाला राहिले तर ती अंगाने भरीव आणि थोडी गोडसर लागते. पिष्ट संपले का हे पाहायला बशीत थेंबभर रस घेऊन त्यावर आयोडीन टाकतात. तो निळा-काळा झाला की अजून थांबायचे. मग चोथा गाळून उरलेला गोड रस, म्हणजे वर्ट, तासभर उकळतात. हॉप्स याच वेळी पडतात : कडवटपणासाठीचे सुरुवातीला, वासासाठीचे अगदी शेवटी, कारण उकळीत सुगंध उडून जातो. उकळलेला रस झटपट थंड करून त्यात यीस्ट घालतात. एल प्रकारच्या बिअरला १८ ते २२ अंश मानवतात, लागर या दुसऱ्या मुख्य प्रकाराला त्याहून बरीच थंडी लागते. दुसऱ्या दिवशी बादलीवरच्या पाणी भरलेल्या झडपेतून बुडबुडे फुटू लागतात, आणि नवखा माणूस घटकाघटकाला जाऊन ते बघत बसतो.

बुडबुडे थांबले म्हणजे काम झाले असे मात्र नाही. खरा साक्षीदार हायड्रोमीटर, म्हणजे पाण्याच्या तुलनेत रसाची घनता दाखवणारे उपकरण. सुरुवातीला १.०५० दाखवणारा रस १.०१० वर येऊन दोन-तीन दिवस तिथेच राहिला तर किण्वन संपले. या दोन आकड्यांतल्या फरकाला सुमारे १३१ ने गुणले की मद्यार्काचे प्रमाण मिळते. इथे ते सव्वापाच टक्के. बाटल्या भरताना लिटरमागे सहा-सात ग्रॅम साखर घालतात आणि उरलेले यीस्ट ती खाऊन बाटलीतच फेस आणणारा वायू तयार करते. किण्वन अपुरे असताना घाई केली, तर हाच वायू बाटल्या फोडतो. कपाटात काचा उडाल्याचे किस्से या छंदात सर्रास ऐकू येतात.

छंदाचा मोठा भाग खरे तर भांडी घासण्यात जातो. उकळी थांबल्यावर वर्टला लागणारी प्रत्येक वस्तू निर्जंतुक हवी, नाहीतर बिअर आंबट होते. ब्लीचचा अंश राहिला तर औषधासारखा वास येतो. किण्वन फार उष्ण झाले तर नेलपॉलिश रिमूव्हरसारखा. गरम हवेत बादली पाण्याच्या टबात ठेवून तिच्याभोवती ओले फडके गुंडाळतात. पश्चिम नॉर्वेतल्या शेतघरांत पिढ्यान्‌पिढ्या जपलेले ‘क्वाइक’ यीस्ट मात्र ३५ अंशांच्या पुढेही स्वच्छ काम करते. ते जगभर पसरल्यापासून उष्ण प्रदेशातल्या हौशींची मोठी अडचण सुटली.

या छंदाचा इतिहास बराचसा करवसुलीचा इतिहास आहे. ब्रिटनमध्ये १८८० च्या कायद्याने घरी बिअर करणाऱ्यालाही परवाना घ्यावा लागे. अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी १९६३ मध्ये तो रद्द केला. अमेरिकेत १९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळात माल्टचे सरबती अर्क डब्यांतून उघड विकले जात, नावापुरते पाव-बिस्किटांसाठी. बंदी उठल्यावर घरी वाइन करायला मुभा मिळाली, बिअर तेवढी राहून गेली. ही विसंगती पुढची ४५ वर्षे टिकली. १४ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने प्रौढ व्यक्तीला वर्षाला १०० गॅलन (सुमारे ३७८ लिटर) आणि दोन किंवा अधिक प्रौढांच्या घराला २०० गॅलनपर्यंत करमुक्त बिअर करण्याची परवानगी मिळाली. अंतिम शब्द तरीही राज्यांचा होता. मिसिसिपी आणि अलाबामा यांनी २०१३ मध्ये होकार दिला.

त्याच १९७८ साली कोलोरॅडोतल्या बोल्डर गावी चार्ली पापाझियन आणि चार्ली मॅट्झेन यांनी अमेरिकन होमब्रुअर्स असोसिएशन स्थापन केली. त्या काळी देशभरात शंभराहूनही कमी ब्रुअऱ्या (बिअरचे कारखाने) उरल्या होत्या आणि त्यांची बिअर चवीला एकसारखीच झाली होती. पर्याय पुढे आला तो हौशींमधून. कॅलिफोर्नियातल्या चिको गावात घरगुती बिअरचे सामान विकणाऱ्या केन ग्रॉसमन यांनी १९८० च्या सुमारास सिएरा नेवाडा ब्रुअरी सुरू केली आणि कॅस्केड हॉप्सचा संत्र्या-मोसंबीसारखा वास अमेरिकन पेल एलची ओळख बनला. आजच्या ‘क्राफ्ट बिअर’ची, म्हणजे छोट्या ब्रुअऱ्यांच्या वेगळ्या चवीच्या बिअरची, मुळे अशी गॅरेजमध्ये आहेत. हौशींच्या स्पर्धांत परीक्षक बाटलीवरचे नाव न पाहता ५० पैकी गुण देतात, आणि ते गुण सढळ हाताने देत नाहीत.

सगळीकडे अशी मोकळीक नाही. जपानमध्ये परवान्याशिवाय एक टक्क्यापेक्षा कमी मद्यार्काचेच पेय करता येते. भारतात मद्य हा राज्यांचा विषय असून महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याविना मद्य तयार करणे गुन्हा आहे. स्वतःपुरते केले, विकले नाही, हा बचाव तिथे चालत नाही. ताज्या, न गाळलेल्या बिअरची हौस इथे भागते ती मायक्रोब्रुअऱ्यांमध्ये, म्हणजे जागेवरच थोडी बिअर करून पाजणाऱ्या ठिकाणी. पुण्यात २००९ मध्ये सुरू झालेली डूलाली ही राज्यातल्या सुरुवातीच्या मायक्रोब्रुअऱ्यांपैकी एक.