अन्नघटक तपासणी संच : वापरण्याआधी हे वाचा

संचात चार बाटल्या आहेत: आयोडीनचे विरल द्रावण, २ टक्के मोरचुदाचे (कॉपर सल्फेटचे) द्रावण, १० टक्के कॉस्टिक सोड्याचे द्रावण आणि साखर ओळखणारे बेनेडिक्टचे द्रावण. सोबत परीक्षानळ्या, ड्रॉपर, चिमटा आणि कोरे कागद. प्रत्येक बाटलीचा ड्रॉपर वेगळा ठेवा. एकच ड्रॉपर सगळीकडे फिरला की पुढचा एकही निकाल भरवशाचा राहत नाही.

पहिली सवय लावायची ती पाण्याच्या नळीची. ज्या पदार्थाची तपासणी करायची त्याच्या शेजारी नुसत्या पाण्याची एक नळी ठेवा आणि तिच्यातही तेच थेंब तेवढेच टाका. रंग बदलला की नाही हे या दुसऱ्या नळीशी ताडूनच सांगता येते. मुले ही नळी वगळतात आणि मग फिकट निळ्यालाच जांभळा म्हणतात.

स्टार्च

स्टार्च (पिष्ट) असलेल्या पदार्थावर आयोडीन टाकले की निळा-काळा रंग येतो. पदार्थ थंड हवा. गरम भातावर आयोडीन टाकले तर निळा-काळा रंग येत नाही किंवा येऊन जातो, कारण उष्णतेने स्टार्च आणि आयोडीनची जोडी सुटते. भात, भाकरी, उकडलेला बटाटा यांवर दोन थेंब पुरतात.

केळ्याचा प्रयोग जरूर करा. एक हिरवे केळे आणि एक सालीवर काळे ठिपके पडलेले पिकलेले केळे घ्या, चकत्या कापा, प्रत्येकीवर एक थेंब टाका. हिरव्या चकतीवर शाई सांडावी तसा डाग पडतो. पिकलेल्या चकतीवर आयोडीनचा तपकिरी रंग बराचसा तसाच राहतो, कारण पिकताना बहुतेक स्टार्चची साखर झालेली असते. तीच साखर बेनेडिक्टच्या द्रावणाने दाखवता येते.

साखर

केळ्याचा गर पाण्यात कालवून गाळा. २ मिली गाळलेले पाणी आणि २ मिली बेनेडिक्ट एका नळीत घ्या आणि नळी उकळत्या पाण्याच्या भांड्यात ५ मिनिटे उभी ठेवा. निळा रंग आधी हिरवट, मग पिवळा, नारिंगी आणि साखर भरपूर असेल तर विटकरी होतो. नळी थेट ज्योतीवर धरू नका, द्रावण उसळून बाहेर येते.

चहात घालतो ती साखर या चाचणीत निळीच राहते. द्रावण खराब नाही. बेनेडिक्ट ग्लुकोज, फ्रुक्टोज आणि दुधातली लॅक्टोज ओळखते, पण उसाची शुद्ध साखर ओळखत नाही. गुळात मात्र थोडे ग्लुकोज-फ्रुक्टोज असते, म्हणून गुळाचे पाणी रंग बदलते.

प्रथिने

तक्रारी सर्वात जास्त येतात त्या याच चाचणीच्या. कच्च्या तूरडाळीचे पीठ अर्धा चमचा, पाणी ५ मिली. हलवा, १० मिनिटे निवळू द्या आणि वरचे पाणी घ्या. त्यात मोरचुदाचे २ थेंब, मग कॉस्टिक सोड्याचे १० थेंब टाका. हलवून काही मिनिटे थांबा. गरम करायचे नाही. फिका जांभळा रंग आला की प्रथिने आहेत.

मोरचूद जास्त पडले तर निळा साका तयार होतो आणि जांभळा रंग त्याखाली दडतो. दुसरी चूक म्हणजे घरचे फोडणीचे वरण आणणे. हळद कॉस्टिक सोड्यात लालसर होते आणि सगळा निकाल फसतो. डाळ कच्ची आणि बिनहळदीचीच आणा. अंड्याचा पांढरा भाग वापरायचा असेल तर दहापट पाणी घालून पातळ करा.

स्निग्ध पदार्थ

शेंगदाणा किंवा सुके खोबरे कागदावर घासा, कागद पूर्ण वाळू द्या आणि उजेडासमोर धरा. पाण्याचा डाग वाळला की जातो, तेलाचा अर्धपारदर्शक राहतो. न वाळवता बघितले तर काकडीतही तेल सापडेल!

निकाल आणि ताट

या चाचण्या घटक आहे की नाही एवढेच सांगतात. किती आहे हे नेमके सांगत नाहीत, आणि लोह, कॅल्शियम, तंतू तर त्यांना दिसतच नाहीत. नाचणीत १०० ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, पण संचातली एकही बाटली ते दाखवणार नाही. म्हणून रंग आला नाही तेवढ्यावरून एखादा पदार्थ निकस ठरवू नका.

वर्गात निकालांचा तक्ता झाला की मुलांना आपल्या ताटाशी जोडून दाखवा. प्रथिने अमिनो आम्ले नावाच्या घटकांची बनतात. त्यांपैकी ज्वारी-तांदळाच्या प्रथिनांत लायसिन कमी पडते, डाळीत मेथिओनिन. वरण-भात किंवा पिठले-भाकरी एकत्र खाल्ले की एकाची उणीव दुसरा भरून काढतो. पोह्यांवर पिळलेले लिंबू त्यांतले लोह शरीरात शोषले जायला मदत करते, जेवणासोबतचा चहा त्याच्या उलट करतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढाच्या २००० कॅलरींच्या दिवसाला २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी किंवा अंडी-मांस आणि तब्बल ४०० ग्रॅम भाज्या आहेत. आपल्याकडच्या बहुतेक ताटांत धान्य याहून जास्त आणि भाजी चमचाभर असते. हा फरक मुलांनी तराजूवर मोजून पाहावा.

जपणूक

कॉस्टिक सोडा हाताला बुळबुळीत लागला तर लगेच वाहत्या पाण्याखाली भरपूर वेळ धुवा. लिंबू-व्हिनेगर लावू नका. प्रथिनांच्या प्रयोगात डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच. कॉस्टिक सोड्याच्या बाटलीला काचेचे बूच कधीही लावू नका, ते घट्ट अडकून बसते. तपासलेला पदार्थ कोणी खायचा नाही. मोरचुदाची वापरलेली द्रावणे वेगळ्या बाटलीत साठवा, तळ्या-ओढ्यात ओतू नका. त्यातले तांबे माशांना घातक असते. आयोडीनची तपकिरी बाटली उन्हापासून दूर ठेवा, आणि तास सुरू होण्याआधी एक थेंब पावाच्या तुकड्यावर टाकून पाहा. डाग निळा-काळा उमटला नाही तर द्रावण बदला.