बोटीतून उतरलेला माणूस खान्देशात का येत नाही

अमळनेरची माझी मावशी गेल्या हिवाळ्यात मुंबईहून क्रूझला जाऊन आली. कसं वाटलं विचारलं तर म्हणाली, "नुस्तं पानीच पानी." बोटीपेक्षा तिला उतरायची रांगच जास्त लक्षात राहिली होती. बोट सकाळीच धक्क्याला लागली, पण पुकारा व्हायचा एकेका रंगाचा, आणि मावशीच्या हातातल्या चिठ्ठीचा रंग काही केल्या येईना. खाली पोचल्यावर मात्र ती हजारभर माणसं दहा मिनिटांत कुठे पांगली, हे तिला उमगलंच नाही.

ती पांगतात कशी, हे बोट कुठली आहे त्यावर ठरतं. मावशीची बोट मुंबईहून सुटून मुंबईलाच परतली होती, तेव्हा उतरलेला जो तो टॅक्सी धरून घरी. परदेशातून आलेल्या बोटीचं तसं नसतं. ती बहुधा सकाळी लागते नि संध्याकाळी सुटते. पासपोर्टचे सोपस्कार झाले की निम्मी माणसं धक्क्यावर उभ्या असलेल्या बसमध्ये बसतात : गेटवे, मणिभवन, धोबीघाट. काही जण लाँचने घारापुरीला जातात, काही फोर्टात पायी भटकतात. सुट्टी मिळालेले खलाशी आधी फुकटचं वाय-फाय शोधतात. सगळ्यांचा एक डोळा घड्याळावर असतो, कारण बोट कुणासाठी थांबत नाही. एवढ्या वेळात माणूस मुंबईतून बाहेर पडला तरी खूप. जळगाव तिथून रेल्वेने ४२० किलोमीटर, आणि अजिंठा त्याच्याही पुढे साठेक किलोमीटर.

पूर्वी असं नव्हतं. बोटीचा प्रवास बंदरात संपायचा आणि खरी वाट तिथून सुरू व्हायची. ती वाट दोनदा खान्देशातून गेली.

पहिल्यांदा सुरतेहून. मोठी गलबतं तापीच्या मुखातल्या गाळामुळे शहरापर्यंत येत नसत, म्हणून ती सुवाळीच्या किनाऱ्याशी नांगर टाकत आणि माणसं तिथून होडीने किंवा बैलगाडीने सुरतेत येत. इंग्लंडच्या राजाचा वकील, म्हणजे राजदूत, सर टॉमस रो सप्टेंबर १६१५ मध्ये असाच उतरला. उतरताच भांडण झालं. सुरतेचे अंमलदार त्याच्या माणसांची झडती घ्यायला निघाले, आणि हा म्हणाला मी वकील आहे, झडती चालणार नाही. इमिग्रेशनच्या खिडकीशी हुज्जत घालणारा प्रवासी काही आजचा नव्हे.

महिनाभर अडकल्यावर तो निघाला तो व्यारा, नवापूर, नंदुरबार, सिंदखेडा, थाळनेर, चोपडा, अडावद, रावेर करत नोव्हेंबरच्या मध्यावर बऱ्हाणपुरात. सुमारे पंधरा दिवस. बऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात असलं तरी फारुकींच्या वेळेपासून खान्देशची राजधानी तेच, आणि अकबराने १६०१ मध्ये असीरगड घेतल्यावर सुभ्याचं ठाणंही तेच. बंदराकडून आग्र्याला जायचं तर हा रस्ता सरळ पडे. उलट बाजूने मक्केचे यात्रेकरू याच रस्त्याने सुरतेकडे उतरत.

फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए त्यानंतर काही दशकांनी याच वाटेने गेला. त्याने नवापुराबद्दल लिहिलंय ते वाचताना मला दर वेळी भूक लागते. गाव विणकरांचं, पण खरा व्यापार तांदळाचा. दाणा नेहमीच्या तांदळाच्या निम्मा, शिजला की बर्फाहून पांढरा, आणि वास कस्तुरीचा. बोटीतून उतरलेला माणूस आपल्या गावात जेवून गेला, तर त्याच्या वहीत आपला तांदूळ शिल्लक राहतो. बसच्या काचेतून बघून गेला तर काय राहणार? वाटेवरची गावं या वाहतुकीवर वाढली. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात धरणगावला इंग्रजांनी वखार घातली ती कापडासाठी, पण माल सुरतेच्या बोटीवर पोचवता येत होता म्हणूनच.

मग सुरत मागे पडली, मुंबई पुढे आली. थळ घाटातून रेल्वे १८६५ मध्ये चढली, १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला, आणि मार्च १८७० मध्ये जबलपूरला रूळ जोडले जाऊन मुंबई-कलकत्ता सलग झाली. तिन्ही गोष्टींचा परिणाम एकच : विलायतेहून कलकत्त्याला जाणारा माणूस मुंबईत उतरून गाडीत बसू लागला, आणि ती गाडी चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ अशी आमच्या दारावरून जाऊ लागली. भुसावळ हे इंजिनांचं मोठं ठाणं झालं.

मुंबईत तेव्हा बोटी समुद्रातच थांबत आणि प्रवासी छोट्या होड्यांतून अपोलो बंदरावर येत. पुढे बॅलार्ड पिअरचा धक्का झाला आणि धक्क्यावरच बॅलार्ड पिअर मोल नावाचं स्टेशन उभं राहिलं. बोटीतून उतरायचं, पाच-पन्नास पावलं चालायचं, डब्यात बसायचं. १९१२ पासून धावणारी पंजाब लिमिटेड डाकेच्या ठरलेल्या दिवशी इथूनच निघे. डबे सहाच. तीन टपालाचे, तीन माणसांचे, आणि त्या तिघांत मिळून जागा ९६. साहेब मुंबई न बघताच पेशावरकडे रवाना! शहरात पांगणं नावाला नाही, सगळी पांगापांग रुळांवर, शेकडो मैल आत. अजिंठ्याचे हौशी जळगावला उतरत आणि पुढे फर्दापूरचा रस्ता धरत. पाचोरा-जामनेरच्या छोट्या गाडीने पहूरपर्यंत जायची सोयही नंतर झाली.

विमानं आली आणि हे सगळं दोन-तीन दशकांत आटलं. मोल स्टेशन गेलं, २०२० पासून पाचोऱ्याची छोटी गाडीही बंद आहे. त्याच पंजाब लिमिटेडची आजची पंजाब मेल अजून मध्यरात्र उलटल्यावर भुसावळला येते, पण तिच्यात बोटीतून उतरलेलं कुणी नसतं. सप्टेंबर २०२५ मध्ये बॅलार्ड पिअरलाच नवं क्रूझ टर्मिनल सुरू झालं. एका वेळी पाच बोटी, तपासणीचे ७२ काउंटर. माणसं पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त उतरतील, मुक्काम मात्र बहुतेकांचा नाहीच. टर्मिनलमुळे अजिंठ्याची गर्दी वाढेल असं आपल्याकडे कुणी म्हणालं, तर बोट किती तास थांबणार ते आधी विचारावं.

मावशीचं परतीचं रिझर्व्हेशन रात्रीच्या खान्देश एक्सप्रेसचं होतं. दिवसभर क्रॉफर्ड मार्केटात फिरली, सुका मेवा घेतला, पाय दुखेपर्यंत. ही गाडी सुरतेवरून जाते, १९०० साली अमळनेरपर्यंत आलेल्या ताप्ती व्हॅलीच्या रुळांवरून. व्यारा कधी गेलं ते तिला कळलं नाही. नवापूरला जाग आली, तेव्हा अर्धा प्लॅटफॉर्म गुजरातेत नि अर्धा महाराष्ट्रात होता. नंदुरबारला तिने चहा घेतला.