शब्द टाकणाऱ्यांचं जाळं

‘जगातली कुठलीही दोन माणसं सहा ओळखींच्या अंतरावर असतात’ हे वाक्य आता चहाच्या टपरीवरही ऐकू येतं. त्यामागच्या प्रयोगातला कपड्यांचा दुकानदार मात्र सहसा कुणाला ठाऊक नसतो. जेफ्री ट्रॅव्हर्स आणि स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी 1969मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध केला. सुरुवातीला नेब्रास्का राज्यातली आणि बोस्टनमधली मिळून 296 माणसं होती. त्यांना एक कागद द्यायचा आणि सांगायचं की बोस्टनमध्ये काम करणाऱ्या अमुक शेअर दलालापर्यंत हा पोचवा. थेट पाठवायचा नाही, आपल्या ओळखीतला जो माणूस त्याच्या जास्त जवळचा वाटेल त्याच्या हाती द्यायचा. शेवटी 64 कागद पोचले, मध्ये सरासरी पाचएक माणसं लागली. त्या 64पैकी 16 कागद शेवटच्या टप्प्यात एकाच माणसाच्या हातून गेले. तो दलाल राहायचा त्या शॅरन गावातल्या कपड्यांच्या दुकानदाराच्या.

गावातला दुकानदार सगळ्यांना ओळखतो, हे कळायला प्रयोग कशाला, असं आपल्याकडे कुणीही म्हणेल. पण पुढे तीसेक वर्षांनी याच कल्पनेवर व्यावसायिक ओळखींची संकेतस्थळं उभी राहिली, तेव्हा त्यांत या दुकानदाराची जागा कुठली, याचं उत्तर बराच काळ कुणी दिलं नाही. लहान उद्योजक तिथे आला तो मागच्या दाराने. आजही त्याला तिथे जे अवघड जातं, त्यातलं बरंचसं या जुन्या गोष्टीतून आलेलं आहे.

आधी संगणकापूर्वीचं थोडं. मराठीत ‘शब्द टाकणं’ असा एक नेमका वाक्प्रचार आहे. वशिल्यापेक्षा तो सभ्य आणि शिफारसपत्रापेक्षा आपुलकीचा. जॉबवर्क करणाऱ्या वर्कशॉपवाल्याला मोठ्या कारखान्याच्या परचेस खात्यापर्यंत जायचं असेल, तर गेटवरच्या वॉचमनचं रजिस्टर हा पहिला अडथळा. ‘अपॉइंटमेंट आहे का?’ या प्रश्नाला उत्तर एकच: आतल्या कुणीतरी आधी शब्द टाकलेला असणं. व्हेंडर कोड, सॅम्पल, रेट हे सगळं त्यानंतर.

हे शब्द टाकणं संघटित करण्याचे प्रयत्नही जुने. शिकागोत 1905मध्ये पॉल हॅरिस यांनी रोटरी सुरू केली, तेव्हा एका व्यवसायातला एकच सभासद घ्यायचा असा दंडक होता. म्हणजे एक वकील, एक कोळसेवाला, एक शिंपी. आपसांत स्पर्धा नाही आणि कामं एकमेकांकडे. कॅलिफोर्नियात 1985मध्ये आयव्हन मिस्नर यांनी सुरू केलेल्या बीएनआयने (बिझनेस नेटवर्क इंटरनॅशनल) हाच दंडक दर आठवड्याच्या सभेला जोडला. मराठी उद्योजकांसाठी अभियंते माधवराव भिडे यांनी सुरू केलेला सॅटर्डे क्लब याच जातकुळीतला. वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने 1927मध्ये स्थापन झालेलं महाराष्ट्र चेंबर आणि 1934चं पुण्याचं मराठा चेंबर यांचं काम वेगळं, सरकारदरबारी गाऱ्हाणं मांडण्याचं. पण तिथल्या चहापानात किती व्यवहार ठरले याची नोंद कुठल्याच इतिवृत्तात सापडणार नाही.

आणखी एक पूर्वज खास आपल्याकडचा. किर्लोस्करवाडीहून शंकरराव किर्लोस्करांनी 1920मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केलं. नांगर आणि चरक बनवणाऱ्या कारखान्याचं हे मुखपत्र. पण त्यात नुसती मालाची जाहिरात न करता वाचकाला उपयोगी पडेल असा मजकूर देत गेल्यामुळे ते वाढत वाढत सर्वसाधारण मासिक झालं. आज ‘कंटेंट टाका, गिऱ्हाईक आपोआप येईल’ असं सांगणाऱ्यांना आपण काहीतरी ताजं सांगतोय असं वाटतं. शंभर वर्षांपूर्वी कुंडलच्या माळावर ते करून झालं होतं.

आता मुख्य गोष्ट. 1973मध्ये समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी एक निबंध लिहिला. बोस्टनजवळच्या न्यूटन गावातल्या, ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना त्यांनी विचारलं होतं, ज्याने खबर दिली तो तुम्हाला कितीदा भेटायचा? वारंवार भेटणारे निघाले सुमारे 17 टक्के, अधूनमधून भेटणारे 56 टक्के आणि क्वचितच भेटणारे 28 टक्के. जवळच्या माणसाला आपल्याला जे ठाऊक तेच ठाऊक असतं. नवी बातमी येते ती लांबच्या ओळखीतून. त्यांनी याला नाव दिलं ‘सैल धाग्यांची ताकद’. पाहणी लहान होती, 54 जणांची. पण पुढच्या सगळ्या संकेतस्थळांचं तत्त्वज्ञान यात आहे. आणि एक गोष्ट सहज निसटते: हा अभ्यास नोकरी शोधणाऱ्यांचा होता, गिऱ्हाईक शोधणाऱ्यांचा नव्हे.

अँड्र्यू वाइनरिख यांनी 1997मध्ये न्यूयॉर्कमध्ये ‘सिक्सडिग्रीज’ काढलं. आपली ओळखीची माणसं नोंदवा आणि त्यांच्या ओळखीची कोण आहेत ते बघा, इतकंच. तीसेक लाख सभासद झाले, पण तेव्हा बहुतेकांचे नातेवाईक आणि मित्र इंटरनेटवरच नव्हते. 1999च्या अखेरीस ते विकलं गेलं आणि थोड्याच काळात बंद पडलं. त्याचं पेटंट मात्र उरलं. 2003मध्ये रीड हॉफमन आणि मार्क पिंकस यांनी ते 7 लाख डॉलरना विकत घेतलं. विकत घेणाऱ्या दोघांनीही त्याच वर्षी स्वतःची अशी संकेतस्थळं काढली होती.

लहान धंदेवाल्यांसाठी म्हणून जे निघालं ते वेगळंच. ब्रिटनमध्ये 1998मध्ये टॉमस आणि पेनी पॉवर या दांपत्याने ‘इकॅडमी’ सुरू केलं. स्वतःच्या बळावर व्यवसाय करणारे, सल्लागार आणि छोटे मालक हेच त्याचे सभासद. सॅन फ्रान्सिस्कोत 2001मध्ये एड्रियन स्कॉट यांनी ‘राईझ’ काढलं. राईझवरची मंडळी प्रत्यक्षही भेटत. भारतात, विशेषतः मुंबईत, त्याचा चांगला जम बसला होता. संध्याकाळी एखाद्या हॉटेलात व्हिजिटिंग कार्डांची अदलाबदल व्हायची. या दोन्ही ठिकाणी लोक गप्पा मारत, एकमेकांच्या पानावर लिहीत, भांडत. थोडक्यात, बाजारपेठेसारखंच. आणि बाजारपेठेसारखाच प्रश्न होता: गर्दी भरपूर, पण भाडं कोण देणार?

या प्रश्नाचं उत्तर पुढे लिंक्डइनला सापडलं, पण त्याची सुरुवात वेगळीच होती. हॉफमन आणि त्यांचे चार साथीदार, अॅलन ब्लू, कॉन्स्टँटिन गेरिके, एरिक ली आणि जाँ-लुक वायाँ, यांनी 5 मे 2003 रोजी ते सुरू केलं. पहिल्या महिन्याअखेर सभासद होते 4500. पहिली आवृत्ती आज बघायला मिळाली तर ओळखू येणार नाही. फोटो नव्हते, ते 2007मध्ये आले. गप्पांची भिंत नव्हती. होतं ते एक यंत्र: तुम्हाला तिऱ्हाइताशी बोलायचं असेल तर मधल्या ओळखीच्या माणसाकडे विनंती पाठवायची, त्याला पटलं तर तो ती पुढे सरकवणार. शब्द टाकण्याची आपली पद्धत जशीच्या तशी. मधल्या माणसाची पत पणाला लागलेली, म्हणून तो विचार करूनच पुढे पाठवायचा, आणि म्हणून पलीकडचा वाचायचा.

हे यंत्र लहान उद्योजकासाठी सोन्यासारखं होतं, असं माझं मत आहे. त्याच्याकडे जाहिरातीला पैसे नसतात, ब्रँड नसतो; असते ती चार माणसांत पत. पण या पत नावाच्या गोष्टीतून संकेतस्थळाला भाडं मिळत नाही. 2005पासून पैसे भरून अनोळखी माणसाला थेट निरोप पाठवण्याची सोय आणि नोकऱ्यांच्या जाहिराती आल्या, 2006मध्ये कंपनी नफ्यात गेली. 19 मे 2011 रोजी तिचे समभाग बाजारात आले, 45 डॉलरचा समभाग पहिल्याच दिवशी 94.25 डॉलरवर बंद झाला. त्या वर्षीच्या उत्पन्नातला जवळपास निम्मा वाटा होता माणसं भरती करणाऱ्यांकडून आलेला. म्हणजे गिऱ्हाईक कोण? मोठ्या कंपन्यांची एचआर खाती. सभासदांची माहिती हा माल. वर्कशॉपवाला यांपैकी कुणीच नव्हता. तो तिथे होता, चालतही होतं.

हे लक्षात घेतलं की पुढची धरसोड समजते. 2007मध्ये प्रश्नोत्तरांचा विभाग निघाला. छोटे सल्लागार, करतज्ज्ञ, डिझायनर तिथे उत्तरं देऊन आपलं ज्ञान दाखवत, त्यातून काम मिळवत. जानेवारी 2013मध्ये तो बंद. कंपनीच्या पानावर आपली उत्पादनं आणि सेवा मांडायची सोय होती. ती 2014मध्ये काढून टाकली. तसंच काहीसं 2020मध्ये नव्या रूपात परत आलं. एकट्याने व्यवसाय करणाऱ्यांसाठी 2015मध्ये ‘प्रोफाइंडर’ निघालं, 2019मध्ये ‘धंद्यासाठी खुला’ अशी पाटी लावायची सोय आली, 2021मध्ये सेवांची बाजारपेठ. दर वेळी आधीचं मांडलेलं दुकान उचलायचं आणि नव्या गाळ्यात लावायचं. ज्याचं घर धंद्यावरच चालतं त्याला हे परवडत नाही.

शब्दाची किंमतही याच काळात उतरली. पूर्वी कुणाची शिफारस करायची तर चार ओळी लिहाव्या लागत. सप्टेंबर 2012पासून एका टिचकीत कुणाच्याही कौशल्याला दाद देता येऊ लागली, आणि ज्यांना आपण कधी भेटलोही नाही ते आपल्या ‘नेतृत्वगुणां’ची ग्वाही देऊ लागले. त्याहून वाईट प्रकार निमंत्रणांचा. सभासदाच्या ईमेलमधल्या पत्त्यांवर त्याच्या नावाने निमंत्रण जायचं, उत्तर आलं नाही की पुन्हा स्मरणपत्र, मग आणखी एक. अमेरिकेत यावर खटला झाला आणि 2015मध्ये लिंक्डइनने 1 कोटी 30 लाख डॉलर देऊन तडजोड केली. माणसाला न विचारता त्याच्या नावाने शब्द टाकला की काय होतं, हे आपल्या कुठल्याही आजोबांनी फुकट सांगितलं असतं.

युरोपात वेगळं घडू शकलं असतं. जर्मनीत लार्स हिन्रिक्स यांनी 2003च्या शेवटी ‘ओपनबीसी’ सुरू केलं, पुढे त्याचं ‘झिंग’ झालं आणि डिसेंबर 2006मध्ये ते फ्रँकफर्टच्या शेअर बाजारात गेलं. तिथले गट आणि गावोगावच्या भेटी हा मध्यम आणि छोट्या जर्मन व्यावसायिकांचा खरा अड्डा. पण लिंक्डइनपुढे टिकायचं तर पैसा नोकरभरतीतच आहे असं तिथेही ठरलं आणि 2023च्या सुरुवातीला झिंगने गट आणि कार्यक्रम दोन्ही गुंडाळले. फ्रान्सचं ‘व्हियाडेओ’ 2016मध्ये दिवाळखोरीच्या वाटेवर गेलं. इकॅडमी त्याआधीच संपलं होतं. लहानांसाठी काढलेलं टिकलं नाही आणि जे टिकलं ते लहानांचं राहिलं नाही, असा हा हिशेब.

भारतातल्या छोट्या उद्योजकाची सवय आणखी वेगळ्या ठिकाणी घडली होती. इंडियामार्ट आणि जस्टडायल दोन्ही 1996ची. तिथे ओळख विकत नाहीत, चौकशी विकतात, आपल्या भाषेत ‘लीड’. एका गिऱ्हाइकाने पॅकिंगच्या खोक्यांची चौकशी टाकली की त्याच दिवशी अनेक पुरवठादारांचे फोन त्याला जाणार, आणि पहिला प्रश्न रेटचा. खोकी विकणाऱ्याला हे चालतं. सुटे भाग ड्रॉइंगप्रमाणे बनवून देणाऱ्याला चालत नाही. त्याचं काम दिसतं ते मायक्रॉनमध्ये आणि वेळेवर दिलेल्या खेपांमध्ये, रेटमध्ये नव्हे. लिंक्डइनने 2009मध्ये मुंबईत कार्यालय थाटलं, त्यानंतरच्या वर्षांत तिथे आधी आयटीवाले आले, मग एमबीएवाले, आणि त्यांच्या मागून हळूहळू, याच कारणाने, भोसरी-चाकण-अंबडच्या वर्कशॉपवाल्यांची दुसरी पिढी. वडिलांनी गेटवर ताटकळत बसून जोडलेला परचेस मॅनेजर निवृत्त झाला होता किंवा दुसऱ्या कंपनीत गेला होता. मुलाला तो नव्या कंपनीच्या नावासकट पडद्यावर सापडत होता. माझ्या मते या संकेतस्थळाचा लहान धंद्याला झालेला सगळ्यात मोठा फायदा हाच: माणूस नोकरी बदलतो, पण ओळख त्याच्यासोबत जाते आणि हरवत नाही.

2016मध्ये मायक्रोसॉफ्टने 26.2 अब्ज डॉलर मोजून लिंक्डइन घेतलं. 2023च्या नोव्हेंबरात सभासद 1 अब्जांवर गेले, त्यात भारताचा क्रमांक अमेरिकेनंतरचा. डिसेंबर 2021मध्ये हिंदी आली, 2024मध्ये बटणांची भाषा मराठीही झाली.

त्याआधी 2022मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला होता. लिंक्डइन ‘या लोकांना तुम्ही ओळखत असाल’ म्हणून ज्या शिफारशी दाखवतं, त्या पाच वर्षांत 2 कोटी लोकांसाठी थोड्याथोड्या बदलून संशोधकांनी ग्रॅनोव्हेटरचं म्हणणं तपासलं. निघालं असं की फार घट्ट धागा उपयोगाचा नाही आणि अगदीच सैलही नाही. मधला, म्हणजे काही सामाईक ओळखी असलेला, सगळ्यात कामाचा. आपल्या भाषेत, शब्द टाकता येईल इतपत जवळचा. मोजलं होतं ते पुन्हा नोकऱ्यांमध्येच.

गिऱ्हाइकासाठी यातला कामाचा भाग साधा आहे. मोठ्या कंपनीतला सोर्सिंगचा, म्हणजे पुरवठादार शोधणारा, माणूस शोधखिडकीत टाकतो प्रक्रियेचं नाव: सीएनसी टर्निंग, पावडर कोटिंग, शीट मेटल. आणि आपल्याकडच्या असंख्य प्रोफाइलवर नावाखाली एकच शब्द असतो, ‘प्रोप्रायटर’. कार्डावर तो चालायचा, कारण कार्ड हातात देताना माणूस समोर उभा असायचा, आणि ज्याने त्याला आत पाठवलं त्याचं नाव आधीच घेऊन झालेलं असायचं.