झाडावरचे मचाण आणि माणसाचा वास

हरणावर दबा धरून बसण्यासाठी खोडाला बांधलेली उंचावरची बैठक म्हणजे मचाण. अमेरिकेत पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या शिकारीत, त्यातही धनुष्यबाणाच्या, ही पद्धत रूढ आहे. बाण नेमका लागायचा तर हरीण २०-२५ मीटरच्या आत यावे लागते. एवढ्या जवळून माणूस त्याला दिसण्याआधीच बहुधा वासाने कळतो.

म्हणून मचाणाची जागा वारा ठरवतो. हरणांच्या येण्याजाण्याची वाट हेरायची आणि वारा वाटेवरून आपल्याकडे येईल अशा बाजूचे झाड निवडायचे. वारा फिरला तर त्या दिवशी त्या मचाणावर बसायचेच नाही. हा संयम कुठल्याही साधनापेक्षा मोलाचा आहे. डोंगरउतारावर तर हवेचे वेळापत्रकच असते: सकाळी उन्हाने तापलेली हवा वर चढते, संध्याकाळी गार हवा घळीत उतरते. त्यामुळे सकाळचे मचाण संध्याकाळी उपयोगाचे राहीलच असे नाही. झुळूक कुठे वळते ते पाहायला शिकारी मिल्कवीड या रुईच्या कुळातल्या वनस्पतीच्या म्हाताऱ्या हवेत सोडतात.

उंची सहसा १५ ते २० फूट. त्याहून वर गेल्यास बाणाचा कोन तीव्र होतो आणि दोन्ही फुप्फुसांचा वेध घेणे अवघड जाते; जनावर जखमी होऊन निसटू शकते.

कपडे बिनवासाच्या साबणाने धुऊन बंद पेटीत ठेवणे, रबरी बूट घालणे, वाटेतल्या झुडपांना अंग न लावणे यांनी वास कमी होतो, नाहीसा होत नाही. वास झाकण्यासाठी किंवा नराला ओढण्यासाठी हरणाचे मूत्रही शिंपडतात. मात्र हरणांच्या क्षयकारी मेंदूरोगाचे प्रायॉन (रोग पसरवणारी विकृत प्रथिने) मूत्रातून पसरण्याच्या भीतीने व्हर्जिनियासारख्या काही राज्यांनी त्यावर बंदी घातली आहे.

खरा धोका पडण्याचा, आणि तो चढता-उतरताना सर्वांत जास्त. झाड जिवंत व सरळ हवे, मचाण बांधायचे पट्टे दर हंगामाला तपासलेले हवेत, अंगावरचा सुरक्षा-पट्टा जमिनीवरूनच झाडाला बांधलेल्या दोराला अडकवलेला हवा. धनुष्य किंवा रिकामी केलेली बंदूक बसल्यावर दोरीने वर ओढतात.

भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार हरणांची शिकार हा गुन्हा आहे. महाराष्ट्रात मचाण उरले ते निरीक्षणापुरते: ताडोबा, मेळघाटात बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्याकाठच्या मचाणांवर बसून प्राण्यांची नोंद घेतली जाते. तिथेही अत्तर लावून जाऊ नये.