कडब्याची गंज आणि कॅटलॉगमधला वळू

गाय माजावर आली की फोन जातो. तासाभरात कृत्रिम रेतन करणारा, मोटरसायकलला कंटेनर बांधलेला माणूस गोठ्यापुढे येऊन उभा राहतो. गावात त्याला डॉक्टरच म्हणतात. ‘एचएफ भरू का जर्सी?’ तो विचारतो. एचएफ म्हणजे होल्स्टीन फ्रिजियन; दोन्ही विदेशी दुधाळ जाती. ‘जास्त दुधाचा भरा, डॉक्टर.’ मग उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नत्रातून चिमट्याने वळूच्या गोठवलेल्या वीर्याची कांडी बाहेर येते, कोमट पाण्यात अर्धा मिनिट धरली जाते, पुसली जाते, आणि पाच मिनिटांत काम संपतं.

पुढच्या दहा वर्षांचा गोठा कसा असेल हे त्या दोन वाक्यांत ठरून जातं. गाय खाते काय, हे मात्र कुणी विचारत नाही. दावणीला ज्वारीचा कडबा, उसाचं वाढं आणि जमलं तर घासाची पेंढी असताना त्याच गाईला कोणत्या वळूचं बी भरायचं, हा प्रश्न आपल्याकडे फार उशिरा आला. आधीची सगळी निवड दुसरंच काहीतरी बघून झाली.

जुन्या काळी बघायचे तो बैल. गाय ठेवायची ती खोंडासाठी. वासराला पाजून उरलं तर दूध घरचं. खरसुंडीच्या बाजारात खिलार बघणारा माणूस शिंगांची ठेवण, पायांची चाल, खूर आणि वशिंड बघे. त्या जनावराच्या आईनं किती दूध दिलं हे विचारायचं त्याला कारण नव्हतं. अकोले-इगतपुरीकडच्या डांगीची परीक्षा पावसात होई. तिच्या कातडीतून तेलकट स्राव पाझरतो आणि मुसळधार पावसातही ती भातखाचरात उभी राहते. उदगीर-देवणी भागातली देवणी तेवढी दूध आणि काम अशा दोन्ही अंगांनी बरी.

गावाचा वळू म्हणजे बहुधा देवाला किंवा पितरांच्या नावानं सोडलेला पोळ. मांडीवर डागाची खूण, कुणाच्याही रानात चरायची मुभा. त्याच्या बाजूनं बोलायला एक गोष्ट होती: ज्या चाऱ्यावर गावातल्या गाई, त्याच चाऱ्यावर तोही वाढलेला. दुष्काळात टिकला तो वळू. पण खरी गोम पुढे आहे. देखणा, उमदा खोंड दिसला की शेतकरी त्याला खच्ची करून जुंपत असे, कारण बाजारात पैसा बैलाला होता. मागे राहिलेली डावी खोंडं रानात मोकळी फिरत आणि गाई फळवत. म्हणजे निवड होत होती, पण उलटी.

१९२८ साली शेतीविषयक रॉयल कमिशनचा अहवाल आला. त्यानं या दुष्टचक्रावर बोट ठेवलं: चारा कमी म्हणून जनावर निकस, निकस म्हणून जास्त जनावरं पाळायची, आणि जास्त पाळली म्हणून चारा आणखी कमी. मुंबई प्रांतानं १९३३ मध्ये पशुसुधारणेचा कायदा केला. अधिसूचित भागात परवान्याशिवाय वळू ठेवायचा नाही आणि नालायक ठरलेला खच्ची करायचा. ज्या गावात पोळाला नमस्कार करून पुढे जातात तिथे असा कायदा कितपत चालणार, हे वेगळं सांगायला नको. त्याच सुमारास, १९३९ मध्ये, म्हैसूरच्या पॅलेस डेअरी फार्मवर भारतातला कृत्रिम रेतनाचा पहिला प्रयोग झाला. पुढे १९४९ मध्ये इंग्लंडमध्ये ग्लिसरॉल घालून वीर्य गोठवायची युक्ती सापडली आणि वळू गावात असण्याची गरजच उरली नाही.

महाराष्ट्रात ही गोष्ट उरुळीकांचनशिवाय पुरी होत नाही. १९४६ मध्ये गांधीजींबरोबर मणिभाई देसाई तिथे आले आणि निसर्गोपचार आश्रमासाठी मागे राहिले. आश्रमात त्यांनी गीर गाईंचा कळप उभा केला, आणि १९६७ मध्ये बायफ या संस्थेची स्थापना केली. विदेशी वळूचं वीर्य आणि देशी गाय असा संकर थेट शेतकऱ्याच्या दारात करून द्यायचा, ही त्यांची पद्धत. मणिभाईंबद्दल एक गोष्ट हमखास विसरली जाते: त्यांनी सुबाभूळही तितक्याच हिरिरीनं लावायला सांगितली. बांधावर वाढणारा, प्रथिनांनी भरलेला झाडपाला. नवी गाय जुन्या वैरणीवर चालणार नाही हे त्या माणसाला पहिल्यापासून ठाऊक होतं. नंतरच्या धबडग्यात कांडी गावोगाव पोचली, चारा मागे राहिला.

पहिल्या पिढीचा संकर फार छान निघाला. अर्धं रक्त विदेशी, अर्धं देशी; दूध दुप्पट-तिप्पट आणि काटकपणाही बराचसा शिल्लक. म्हणून तर लोक हरखले. पण त्या कालवडीला पुन्हा एचएफ भरला की रक्त ७५ टक्के होतं, तिच्या पोटच्या कालवडीला भरला की साडेसत्त्याऐंशी. विदेशी रक्त साधारण अर्ध्यावर, फार तर साडेबासष्ट टक्क्यांवर थोपवावं, असं तज्ज्ञ सांगत राहिले. राहुरीच्या कृषी विद्यापीठानं तर निम्मं एचएफ, पाव जर्सी आणि पाव गीर असा मेळ घालून फुले त्रिवेणी तयार केली. गोठ्यात मात्र ‘जास्त दुधाचा भरा’ हेच चालू राहिलं.

शेतकऱ्याला दोष देऊन भागत नाही. डेअरीवर गाईच्या दुधाचा भाव ३.५ टक्के फॅट आणि ८.५ टक्के एसएनएफ (म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घनपदार्थ) धरून काढतात. एचएफचं दूध साधारण तिथंच बसतं, आणि मग पैसा लिटरवर. लहान चणीची, दाट दुधाची जर्सी खाते कमी, पण बादलीत कमी दिसते. दिसतं ते विकतं.

त्यात वैरणही बदलली. १९६४ मध्ये सीएसएच-१ ही संकरित ज्वारी आली. दाणा भरपूर, ताट बुटकं. मोहोळला निवडलेल्या मालदांडी ज्वारीचा उंच, गोडसर कडबा ज्यांनी पाहिलाय त्यांना फरक कळतो. सोलापूरकडे आजही मालदांडी पेरणारा कडब्यासाठी म्हणूनही पेरतो. बागायतीत ऊस आला आणि दावणीला वाढं पडलं. त्यातलं ऑक्झलेट गाईच्या अंगातला चुना, म्हणजे कॅल्शियम, बांधून ठेवतं. म्हणजे वळू मोठा होत गेला आणि वैरण हलकी.

याचा हिशोब सरळ आहे. जनावर दिवसाला वजनाच्या साधारण तीन टक्के कोरडा चारा खातं. सहाशे किलोच्या गाईला अठरा किलो लागणार, साडेतीनशे किलोवालीचं साडेदहा-अकरावर भागेल. नुसत्या कडब्यात प्रथिनं जेमतेम चार टक्क्यांच्या आसपास. मोठी गाय मग पाठीवरचं मांस दुधात ओतते, बरगड्या दिसू लागतात, माज मुका होतो म्हणजे दिसतच नाही, भरवली तरी गाभण न राहता उलटते. गाय ‘रिपीट’ झाली म्हणून आपण डॉक्टर बदलतो. वळू मात्र तोच राहतो.

हाच धडा गवतावर डेअरी चालवणारे देश आपल्या आधी शिकले. न्यूझीलंडमध्ये गाई वर्षभर कुरणावर, वेतं सगळी वसंताच्या तोंडावर. ठरल्या आठवड्यांत गाभण न राहणारी गाय कळपातून जाते. १९९६ मध्ये त्यांनी वळूंसाठी जो निर्देशांक आणला त्याचा पायाच ‘ठरावीक चाऱ्यामागे नफा किती’ हा होता, आणि त्यात गाईच्या वजनाला उणे गुण. पुढे त्यांनी उत्तर अमेरिकी रक्ताच्या आणि स्वतःच्या होल्स्टीन गाई शेजारी शेजारी कुरणावर ठेवून पाहिल्या. अमेरिकी रक्ताच्या गाई जास्त वाळल्या आणि गाभण राहायला मागे पडल्या. आयर्लंडनं १९८०-९० च्या दशकांत तेच रक्त भरभरून घेतलं, गाभण राहण्याचं प्रमाण घसरलेलं पाहिलं, आणि २००१ च्या सुमारास दुधाबरोबर प्रजननालाही वजन देणारा निर्देशांक आणला. ब्राझीलची गोष्ट तर आपल्याला चुटपुट लावणारी. इथून गेलेल्या गीरची त्यांनी १९८५ पासून मुलींच्या दुधावरून वळूपरीक्षा सुरू केली.

१९८५ हेच साल आपल्याकडेही महत्त्वाचं. वळू स्वतः दूध देत नाही, त्याच्या मुली मोजाव्या लागतात. आणि सरकारी फार्मवर मोजलेल्या मुली शेतकऱ्याच्या गोठ्याचं काही सांगत नाहीत. म्हणून शेतकऱ्यांच्याच गोठ्यात संततिपरीक्षण करायचा कार्यक्रम भारतीय कृषी संशोधन परिषदेनं सुरू केला. उरुळीकांचनची बायफ त्यातलं एक केंद्र. काम कंटाळवाणं: दोन-चार गाईंचे विखुरलेले गोठे, महिन्याला एकदा दूध मोजायचं, कानातला बिल्ला हरवला की नोंद तुटते. वळूचं बी पसरल्यापासून निकाल हाती यायला पाच-सहा वर्षं. २०१२ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय डेअरी योजनेनं या मोजणीला बळ दिलं, आणि ५ ऑक्टोबर २०२४ ला वाशिममध्ये जनावराची जनुकं तपासणारी, गाईंसाठी ‘गौ चिप’ आणि म्हशींसाठी ‘महिष चिप’ जाहीर झाली. आता कालवडीच्या किंवा गोऱ्ह्याच्या रक्तावरून पुढच्या दुधाचा अंदाज बांधायची सोय आहे.

चिप अंदाज बांधते तो मात्र आधी मोजलेल्या गाईंवरून. त्या गाई मुरघास (हवाबंद मुरवलेला हिरवा चारा) आणि गोळीपेंडीवरच्या असतील, तर अंदाजही त्याच गोठ्यांचा. जत-माणकडच्या कडब्यावरच्या गाईंचं दूध, त्यांची वेतं आणि दोन वेतांमधलं अंतर तितक्याच नेटानं नोंदलं गेलं, तरच तिथल्या शेतकऱ्याला वळूंच्या कॅटलॉगमध्ये आपल्या वैरणीचा वळू सापडेल. तोवर कांडी घेताना आईच्या दुधाच्या आकड्याशेजारी त्याच वळूच्या मुलींचं वजन आणि गाभण राहण्याचे गुण छापलेत का, एवढं तरी डॉक्टरांना विचारता येतं.